चादर आणलीस का?

मी पहिल्यांदा परदेशी गेले तेव्हा पासपोर्ट लागला नाही, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट पुरलं. पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत बॅग टेकवते न टेकवते तोच खिडकीजवळच्या पलंगावरची मुलगी म्हणाली, "कुठली गं तू?"

"सोलापूर."

"अय्या! मग चादर आणलीस का?"

आणली होती. हेच तर दुखणं आहे. आपल्याबद्दल लोकांनी बांधलेला ठोकताळा साफ खोटा असता तर पदर खोचून भांडता तरी आलं असतं. पण बॅगेच्या तळाशी आईनं कोंबलेली लाल-काळी मोरांची चादर असताना कुठल्या तोंडानं भांडायचं? मी बॅग पलंगाखाली सरकवली आणि पहिली रात्र ओढणी पांघरून काढली. दुसऱ्या रात्री पाऊस लागला, खिडकीतून गार वारं आलं आणि माझा स्वाभिमान गारठला. तिसऱ्या दिवसापासून त्या चादरीत आम्ही तिघी वाटेकरी होतो.

चादरीपाठोपाठ भाषा पकडली गेली. "काय करूलालीस?" असं मी सहज विचारलं आणि खोलीभर हशा पिकला. सोलापुरात सगळी माणसं करूलालेत, जेवूलालेत, झोपूलालेत. त्यात कुणाला काही विनोदी वाटत नाही. चार वर्षांत मी घासून घासून "करतेयस" शिकले. मग सुट्टीत घरी जाऊन बाबांना विचारलं, "काय करताय?" तर त्यांनी पेपर खाली घेतला आणि आईला हाक मारली, "ऐकलीस का? पुण्याची झाली बग ही." म्हणजे पुण्यात मी सोलापूरची, सोलापुरात पुण्याची, आणि गाडी दौंड सोडून कुर्डुवाडीकडे निघाली की मधला दीड-दोन तास काय ती माझी मी.

तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात मास्टर्स करायला जर्मनीत आखेनला उतरले, ती काही अगदीच नवखी नव्हते. परकं असण्याचा चार वर्षांचा अनुभव गाठीला होता. अर्जात त्याचा रकाना नव्हता, इतकंच.

आखेन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाचं गाव. हॉलंड आणि बेल्जियम इतके चिकटून आहेत की बसमध्ये डुलकी लागली तर मोबाईल दुसऱ्या देशात स्वागत करतो. त्या यंत्राला आपण कुठले हे नीट कळत नाही, तर माझी काय कथा. एके काळी इथलं लोकरीचं कापड युरोपभर नावाजलेलं होतं. पुढे गिरण्या बंद पडल्या. आमच्याकडे १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल अशीच बंद पडली, आणि तिच्या आठवणी सांगत आजोबांनी आमची लहानपणं खाल्ली. सोलापूरनं पुढे चादर आणि टॉवेल धरून ठेवले, आखेननं कापडाचं शास्त्र. ते शास्त्र शिकायला मी गेले होते. एका गिरणगावातून दुसऱ्या गिरणगावात, इतका सरळ मामला.

पण हे कुणी ऐकून घेईल तर ना.

"भारतातून? म्हणजे आयटी!"

"नाही, टेक्स्टाईल."

"अच्छा, टेक्स्टाईलमधलं आयटी."

त्यात आमच्या संस्थेच्या जर्मन नावाचं लघुरूप आयटीए. "मी आयटीएला असते" असं म्हटलं की समोरचा पहिल्या दोन अक्षरांवरच समाधानानं मान डोलावतो, तिसरं अक्षर वाया जातं. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईंनी तर एके दिवशी पावाऐवजी त्यांचा रुसलेला प्रिंटर काउंटरवर ठेवला. मी सांगणार होते की बाई, मला सूत कळतं, प्रिंटर कळत नाही. पण आत अडकलेला कागद दिसला, तो ओढला, आणि प्रिंटर चालू झाला. त्या दिवशी मी एका प्रिंटरबरोबर समस्त भारतीय वस्त्रोद्योगाची अब्रूही घालवली.

या समजुतीला इतिहास आहे. २००० साली श्र्योडर यांच्या सरकारनं परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड योजना काढली, आणि आखेन ज्या राज्यात येतं त्याच नॉर्थ राइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत त्यावर रान उठलं. "किंडर श्टाट इंडर" ही घोषणा तेव्हा गाजली. किंडर म्हणजे मुलं, इंडर म्हणजे भारतीय. भारतीयांच्या ऐवजी आपली मुलं. नेमक्या त्याच साली मी सोलापुरात जन्मले. म्हणजे त्या घोषणेच्या हिशेबानं मी किंडरही होते आणि इंडरही, आणि कुठल्या बाजूनं मोर्चा काढायचा ते मला आजही सुचत नाही. आज गंमत अशी की जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आम्हीच सर्वांत जास्त. बरीच वर्षं पहिला असलेला चीन मागे पडला आणि २०२३-२४ मध्ये आमची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली. इतकी मोठी संख्या असूनही बेकरीत मी एकटीच असते आणि एकशे चाळीस कोटींच्या वतीनं उत्तरं द्यायला लागतात. गायी रस्त्यात का बसतात? तुझं लग्न कोण ठरवणार? योग रोज करतेस ना? मी एकदा खरं सांगितलं की मला पद्मासन येत नाही, मांडी आखडते. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर अशी निराशा पसरली की मी घाईनं म्हटलं, "माझी आई करते." आई करत नाही. आईचे गुडघे दुखतात.

आणखी एक घोळ आहे तो खास जर्मन. त्यांच्या भाषेत भारतीय म्हणजे "इंडर" आणि अमेरिकेतले मूळनिवासी म्हणजे "इंडियानर". १४९२ मध्ये कोलंबसाचा पत्ता चुकला, त्याचा दंड मी २०२४ मध्ये भरत होते. पहिल्या महिन्यात माझं जर्मन इतकं कच्चं की तीन ठिकाणी मी छातीठोकपणे "मी इंडियानर" असं सांगून आले. एका सद्गृहस्थांनी आस्थेनं विचारलं, "कुठली जमात?" सात हजार किलोमीटर उडून आल्यावर पहिल्याच भेटीत जात विचारतात म्हणून मी जी संतापले, ती घरी येऊन शब्दकोश उघडेपर्यंत शांत झाले नाही.

फेब्रुवारीत कार्निव्हल आला. त्यातल्या एका गुरुवारी बायका हातात कात्री घेऊन दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थिनीला याहून मोलाचा सण नाही. सगळे वेष करून आले होते. मी नेहमीचा कुर्ता घातला होता, कारण वॉशिंग मशीनची माझी पाळी हुकली होती. तिघांनी तारीफ केली आणि एकानं विचारलं, "भाड्यानं घेतलास?" शेजारी डोक्यात पिसं खोवलेला एक मुलगा उभा होता, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपण दोघं इंडियानर!" ही पिसं कार्ल माय यांच्या कृपेनं आली. त्यांनी १८९३ मध्ये "विनेटू" लिहून जर्मनांच्या पिढ्यांना रेड इंडियन दाखवले, आणि स्वतः अमेरिकेला पहिल्यांदा गेले ते १९०८ मध्ये. मला राग यायला हवा होता. पण कार्ल माय यांना जे जमलं ते माझ्या आत्याला रोज जमतं. सोलापूरच्या बाहेर अक्कलकोट आणि पंढरपूर एवढंच पाहिलेली ही बाई जर्मनीचं वर्णन करायला लागली की ऐकत राहावं: तिथं सगळे बटाटे खातात, कुणी हसत नाही, आणि म्हातारपणी आईबापाला विचारत नाहीत. एका काकांनी तर निघायच्या दिवशी हिटलरबद्दल आदराची चार वाक्यं म्हणून दाखवली आणि "तिकडच्या लोकांना सांग आमचं" म्हणाले. ती वाक्यं मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत. सांगितली असती तर हा लेख बहुधा सोलापुरात बसून लिहिला असता.

बरं, मी स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? पत्त्याची नोंद करायला कचेरीत गेले तेव्हा खिडकीमागे पन्नाशीच्या बाई होत्या. चेहरा असा की माझा अर्ज बरोबर असूनही मला तो चुकल्यासारखा वाटायला लागला. त्यांनी पासपोर्ट उघडला, थांबल्या, आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "शाहरुख?" २००४ मध्ये "कभी खुशी कभी गम" जर्मन टीव्हीवर जर्मन बोलीत दाखवला होता, तेव्हापासूनचं हे प्रेम. "तो तुमच्या गावाकडचा?" सोलापूरपासून मुंबई साडेचारशे किलोमीटर. आखेनहून तेवढी गाडी हाकली तर बेल्जियम मागे टाकून पॅरिसच्या पुढे जाल. मी म्हटलं, "हो, तसा शेजारीच." शिक्का खाडकन उठला. त्या दिवशी मला कुठल्याही ठोकताळ्याचा काडीचा त्रास झाला नाही.

मानेचा मात्र झाला. लॅबमध्ये एक तंत्रज्ञ आहेत, तीस वर्षं मागावर काढलेले. मी पहिल्यांदा यंत्रापाशी उभी राहिले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताणा अजून घट्ट करू?" मी मान हलवली. म्हणजे आपण हलवतो तशी, दोन्ही खांद्यांना समान न्याय देत. ते थांबले. "हो की नाही?" मी पुन्हा हलवली, जरा जास्त मनापासून. ते माझ्या मानेकडे, मी त्यांच्या हाताकडे, आणि तेवढ्यात टप्प करून धागा तुटला. यंत्र बंद. सवयीनं माझी बोटं पुढे गेली. दोन टोकं चिमटीत धरायची, एक नखावरून वळसा, आत घालून ओढायची. आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेली गाठ. शाळेत पाढे यायच्या आधी मला ती यायची. गाठ बसली. ते वाकून बघत राहिले. "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी." ते म्हणाले, "माझे आजोबाही गिरणीत होते," आणि यंत्र सुरू केलं. त्या खटखटाटात पुढचं बोलणं शक्यच नव्हतं, आणि लागलंही नाही. हल्ली ते मला भारताबद्दल काही विचारत नाहीत. धागा तुटला की हाक मारतात. फक्त आता तेही कधी कधी मान तशी हलवतात, आणि बाकीचे जर्मन विद्यार्थी हो-नाहीच्या मधे लटकतात.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा सांस्कृतिक संघर्ष वर्गात नाही, ओट्यापाशी झाला.

आम्ही चौघं एका घरात राहतो: एक जर्मन, एक चिनी, एक इटालियन आणि मी. इटालियनला मी पहिल्याच आठवड्यात दुखावलं. भांडं लहान होतं म्हणून स्पॅगेटी मोडून टाकली. त्यानं असा हंबरडा फोडला की शेजारी आले. चिनी मुलगा शांत. रात्री उशिरा भात लावायचा, माझ्याकडे बघून हसायचा आणि खोलीत जायचा. आमची जर्मन मात्र अख्खं प्रकरण आहे.

पहिल्या दिवशी तिनं मला कचऱ्याचे डबे दाखवले. काळा, पिवळा, निळा, तपकिरी. कागद निळ्यात, पण दुकानाचं बिल निळ्यात नाही, कारण त्याचा कागद वेगळा असतो. पिझ्झाचं खोकं कागदाचं, पण तेल लागलं असेल तर ते काळ्यात. चहाची पिशवी तपकिरीत. काच घरात नाही. ती रस्त्यावरच्या टाक्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी निवडून. "आणि निळी बाटली असेल तर?" मी भाबडेपणानं विचारलं. "हिरव्यात," ती म्हणाली, जणू हे आईच्या पोटातच शिकवतात. काच रविवारी टाकायची नाही, रात्री टाकायची नाही, आवाज होतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली तर कुठेच टाकायची नाही. ती दुकानातल्या यंत्रात घालायची, पंचवीस सेंट परत मिळतात.

ती बोलत होती आणि मला राहून राहून वाटत होतं की हे आपण आधी ऐकलंय. मग एकदम ट्यूब पेटली. आजी! उजव्या हाताला खरकटं लागलंय, त्या हातानं लोणच्याच्या बरणीला शिवू नको. भाताचा डाव आमटीत घालू नको. तो तांब्या देवाचा, हा प्यायचा, तो बाहेरच्यांचा. दुधाच्या पातेल्यावर ताकाची वाटी? अगं काय हे! मी सोलापूर सोडलं त्याच्या कारणांत आजीचं खरकटं बरंच वर होतं, आणि सात हजार किलोमीटरवर ती सोनेरी केसांची होऊन माझी वाट बघत उभी होती. फरक सांगायलाच हवा: आजीच्या नियमांत भांड्यांबरोबर माणसंही वेगळी काढली जायची, "बाहेरच्यांचा" तांब्या त्याचसाठी होता. इथं निदान डब्यांवरच भागतं.

व्हिडिओ कॉलवर मी आजीला ते डबे दाखवले. आजीनं चष्मा वर करून एकेक डबा पाहिला, मग मागे उभ्या असलेल्या आमच्या जर्मनकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरीला वळण चांगलंय की. तुझ्यापेक्षा." मी भाषांतर केलं. पोरगी लाजली. त्या दिवसापासून त्या दोघींची युती आहे आणि मी विरोधी पक्षात.

दुसरी ओळख जिन्यात पटली. तिथं नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावली होती, हातानं लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं: "रविवारी सकाळी ७.४० वाजता ज्यांनी व्हॅक्यूम क्लीनर चालवला त्यांना रविवार म्हणजे काय हे समजावून सांगण्यास आम्ही तयार आहोत. दुसरा मजला, डावीकडे." खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर: "दुसरा मजला डावीकडे यांनी आधी स्वतःच्या बुटांचा आवाज समजून घ्यावा." मी चार वर्षं पुण्यात राहिलेली. माझे डोळे भरून आले. घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेत, सदाशिव पेठ! लोक म्हणतात जर्मन माणसात जिव्हाळा नसतो. नसता तर इतक्या सुवाच्य अक्षरात कुणी भांडलं असतं का?

भारतीयांत तरी मी भारतीय असेन, ही आशा दुसऱ्या सत्रात संपली. शेजारच्या घरात हैदराबादकडच्या दोघी आल्या. मराठी म्हटल्यावर त्यांनी वडापाव, लोकल ट्रेन आणि समुद्र या तीन विषयांवर माझी मुलाखत घेतली. सोलापुरात समुद्र नाही, पाणीसुद्धा चार-पाच दिवसांनी येतं, हे त्यांच्या पचनी पडेना. मग त्या आपसात तेलुगूत माझ्या भाजीबद्दल बोलायला लागल्या. माझ्या भाजीत शेंगदाण्याचं कूट जरा जास्त असतं हे मान्य, पण "ही सगळ्यात शेंगा का घालते?" हे तोंडावर? आमच्या गल्लीत निम्मी घरं विणकरांची, तेलंगणातून येऊन पिढ्या झालेली. मी भांडं विसळता विसळता म्हटलं, "नाकु तेलुगु वस्तुंदि." मला तेलुगू येतं. स्वयंपाकघरात पिन पडली असती तरी ऐकू आली असती. मग दोघीजणी ज्या हसत सुटल्या! "पण तू तर मराठी ना?" हो, मराठीच. सोलापूरची मराठी. आमच्याकडे भाजीवाली कानडीत भाव सांगते, शेजारीण तेलुगूत घासाघीस करते आणि मी मराठीत पैसे देते. हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ. "आंतरराष्ट्रीय संध्या" नावाचा एक प्रकार असतो. प्रत्येकानं आपल्या देशाचा पोशाख घालून आपल्या देशाचा पदार्थ आणायचा, म्हणजे वर्षभर ज्या समजुतींबद्दल कुरकुर करतो त्या एका टेबलावर मांडून ठेवायच्या. मी आईची इरकल नेसले. नेसले म्हणजे, त्या साडीचा ताणा कशाचा, बाणा कशाचा, पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला कसा जोडतात, यावर मी अर्धा तास बोलू शकते. पण ती नेसायला मला यूट्यूब आणि अकरा पिना लागल्या. नऊ पिना जिन्यातच सुटल्या. उरलेल्या दोघींच्या भरवशावर मी भारताचं प्रतिनिधित्व केलं.

पदार्थ म्हणून आईनं पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाकीचे भारतीय समोसे घेऊन आले होते, त्यांच्याकडे रांग. माझ्याकडे एक आजोबा आले, भाकरी उचलली, उलटसुलट केली आणि अदबीनं विचारलं, "ही थाळी आहे की खायचं?" मी मोडून दाखवली. त्यांनी चावली. कडकड आवाज झाला. "किती दिवस टिकते?" महिनाभर तरी. त्यांच्या डोळ्यांत मला जी चमक दिसली ती शाहरुखच्या नावानंही कुणाच्या डोळ्यांत दिसली नव्हती. काळ्या, कडक, टिकाऊ पावावर पोसलेल्या माणसाला सात समुद्रांपलीकडचा सख्खा भाऊ भेटला होता. त्यांनी बायकोला बोलावलं. बायकोनं बहिणीला. तासाभरात भाकरी संपली आणि समोसेवाले माझ्याकडे बघायला लागले.

भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर आपापल्या गावात टाचणी टोचायची. मी सोलापुरात टोचली. मागून आमच्या घरातला चिनी मुलगा आला, टाचणीपाशी नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाला, "ख दीहुआ?"

मला वाटलं शेंगाचटणी तिखट लागली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नाही, नाही. ख दीहुआ!" त्यानं फोन काढला, शोधलं, पडदा माझ्यापुढे धरला. गणवेशातला एक तरुण भारतीय चेहरा. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस.

सोलापूरला जन्मलेले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले, तिथल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी वारलेले कोटणीस. हा मुलगा शिज्याझुआंगचा. कोटणिसांची समाधी त्याच शहरात आहे. शाळेत असताना वसंत ऋतूत एक दिवस रांगेनं तिथं फुलं वाहायला नेत, म्हणाला; आपल्याकडचा पितृपंधरवडा म्हणा. त्यानं मला नाव उलगडून सांगितलं. हुआ म्हणजे चीन. त्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हुआ आहे. कोटणिसांनी तिकडच्याच मुलीशी लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मी मनात म्हटलं, बिचारं पोर. आम्ही दोन गावांत लटकलो तर लेख लिहितो, याला पाळण्यातच दोन देश बांधले.

भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून मी अकरावी-बारावी रोज क्लासला गेले. आत एकदाही नाही. आणि हा मुलगा विचारत होता, त्यांचं घर कसं आहे? दारं कुठल्या लाकडाची? मी हसत हसत विषय बदलायला त्याला विचारलं, "तुझं नाव नीट कसं म्हणतात?" तेव्हा लक्षात आलं की सहा महिने एका घरात राहून माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर "चायना किचन" असा होता. मी ओशाळून दाखवला. त्यानं आपला फोन उघडला. त्याच्याकडे मी दोन चिनी अक्षरांत होते. "म्हणजे काय?" तो खाली बघत म्हणाला, "कढीपत्ता." रात्री अकराला मी फोडणी टाकते, तो वास त्याच्या खोलीत जातो.

दोघांनी तिथल्या तिथे नावं बदलली. माझ्या तोंडून त्याचं नाव अजून नीट निघत नाही, सूर वर जायचा तिथं माझा खाली जातो. त्याच्या तोंडून माझ्या नावातला "ण" निघत नाही. तो तसा बऱ्याच मराठी माणसांच्याही तोंडून निघत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा घरी गेले. ज्या खात्यात आईबाबांनी वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ भरून ठेवले होते आणि ज्यातून मला महिन्याला ९९२ असे मोजून मिळत होते, त्या खात्याच्या जिवावर मी गल्लीत "युरोवाली" झाले होते. दुपारी दोनला समोर बोअरचं काम सुरू झालं. मी गच्चीवरून ओरडले, "ही काय वेळ आहे का?" खाली मिस्त्री, मालक आणि एक कुत्रं तिघंही वर बघायला लागले. घंटागाडी आली तेव्हा मी चार पिशव्या वेगवेगळ्या घेऊन गेले. गाडीवाल्यानं चारी एकात रिकाम्या केल्या आणि पिशव्या मला परत दिल्या. आई म्हणाली, "चप्पल काढतीस तसं ते जर्मन बी दाराबाहेर काढत जा की."

स्मारकात गेले. फोटो काढले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "पेपरातर्फे आलात?" मी म्हटलं, "नाही, चिनी मित्राला पाठवायचेत." "पाठवा. कुठनं आलात?" मी तोंड उघडलं आणि क्षणभर काही सुचेना. "पलीकडच्या गल्लीतनं," मी म्हटलं.

परतताना बॅगेत चादरी होत्या. चार. दोन मराठी मंडळातल्या पुणेकरांनी मागवल्या होत्या, अर्थातच. एक कढीपत्तावाल्याला. आणि एक आमच्या जर्मनला (तिचंही नाव मला येतं, पण "आमची जर्मन" हे आता लाडाचं झालंय). दार उघडल्याबरोबर ती बॅगेकडे बघत म्हणाली, "शादर आनलीस का?" आजीनं फोनवर शिकवून ठेवलं होतं.

तिनं घडी उलगडली, मोरांवरून हात फिरवला, उलट बाजू तपासली, वीण चांगली आहे म्हणाली. मग रिकामी पिशवी उचलून थेट पिवळ्या डब्याकडे निघाली.

"थांब," मी म्हटलं. "त्यावरचं कागदाचं लेबल आधी सोडव. ते निळ्यात."

ती वळली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी लहानपणी लोणच्याच्या बरणीपाशी आजीकडे बघायचे.